देवपूरहून आलेली कोरडी गिटार

फोन आला तेव्हा प्रमोद माझ्या खोलीत वाजवत होता.

हे वाक्य मी गेले काही आठवडे ज्याला त्याला सांगतोय, आणि ऐकणारा माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो ती आता सवयीची झाली आहे. म्हणून आधी नीट सांगतो. प्रमोद धुळ्याला, देवपुरात राहायचा आणि शाळेत गणित शिकवायचा. मी जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो. तो घरी इलेक्ट्रिक गिटार थेट कॉम्प्युटरला जोडून वाजवायचा. त्या आवाजाला ना घुमारा ना गोडवा, नुसती तार. आम्ही त्याला ‘कोरडी गिटार’ म्हणायचो. ती फाईल माझ्याकडे यायची. मी ती आवाज घुमवणाऱ्या पेडलच्या डब्यांमधून फिरवून अ‍ॅम्पमध्ये सोडायचो, अ‍ॅम्पसमोर माइक लावायचो आणि त्यातून जो भरलेला, घुमणारा आवाज निघे तो पुन्हा रेकॉर्ड करायचो. या उद्योगाला रीअ‍ॅम्पिंग म्हणतात. म्हणजे बोटं देवपूरला आणि आवाज जळगावला.

त्या दिवशी त्यानं शाळेत जाण्याआधी एक नवी धून पाठवली होती. दुपारी उन्हामुळे गिऱ्हाईक नसतंच, तेव्हा शटर ओढून मी मागच्या खोलीत ती धून अ‍ॅम्पमधून सोडली. कूलर बंद, कारण कूलरची घरघर माइकमध्ये येते. अंगात बनियन, हातात रुमाल. धून अर्ध्यावर आली असेल आणि फोन थरथरला. प्रमोदच्या शाळेतले एक सर होते. “प्रमोद सर गेले हो... स्टाफरूममध्येच. हार्ट.” मी काय म्हणालो? माणसं अशा वेळी मटकन खाली बसतात, निदान गप्प तरी होतात. मी म्हणालो, “काय बोलताय सर, वाजवतोय की तो इथं! ऐका,” आणि फोन अ‍ॅम्पसमोर धरला. त्या बिचाऱ्यांनी ऐकलंही. प्रमोद वाजवत होता, तार खेचून सोडत होता, आणि पलीकडे तो मास्तर हमसून रडत होता. मग मला कळलं. प्लेबॅक बंद करायला एक बटण दाबावं लागतं. ती खोली मी उभी केली, ती यंत्रं मी जोडली, पण ते बटण मला सापडेना. शेवटी जाऊन मेन स्विच पाडला. आतून बायकोनं विचारलं, “लाईट गेली का हो?” अ‍ॅम्पचा लाल दिवा विझला होता आणि धून मध्येच तुटली होती.

आमची ओळख धुळ्याच्या कॉलेजातली. गॅदरिंगला मी गिटार घेऊन स्टेजवर उभा राहिलो, कारण मला गिटार येत नाही हे मला सोडून सगळ्या कॉलेजला माहीत होतं. पहिल्याच कडव्याला तार तुटून माझ्याच गालाला लागली. पडद्याआडून एक सडपातळ पोरगा आला, माझ्या हातातून गिटार काढून घेतली आणि उरलेल्या तारांवर गाणं संपवलं. मागे गेल्यावर मला म्हणाला, “भो, तुझा गाल सुरात होता. बाकी काही नव्हतं.” तेव्हापासून मी वाजवणं सोडलं आणि बटणं फिरवायला लागलो. तो मला ‘शेठ’ म्हणायचा, अगदी माझ्याकडे शेठ म्हणावं असं काहीही नसताना.

पुढे तो मास्तर झाला, मी दुकानदार. दुकानाच्या मागे नळ्यांच्या गुंडाळ्या रचून ठेवायची एक खोली होती. भिंतीला टेकवून छतापर्यंत गुंडाळ्या लावल्या की आत आवाज अजिबात घुमत नाही, हा शोध मला अपघातानं लागला. तिथेच स्टुडिओ झाला. उन्हाळ्यात गिऱ्हाईक वाढलं की भिंती विकल्या जायच्या आणि आवाज बिघडायचा. प्रमोद सुरुवातीला एसटीनं यायचा, पारोळ्याला उतरून भजी बांधून घ्यायचा. मग शाळा, शिकवण्या, त्याच्या वडिलांचं, आबांचं, आजारपण यांतून त्याचं येणं सुटलं आणि फायली यायला लागल्या. पहिल्या फाईलला मी जो पराक्रम केला तो आमच्या गल्लीत अजून सांगतात. केबल जोडताना माझी चूक अशी झाली की अ‍ॅम्पमधून निघालेला आवाज माइकमधून परत अ‍ॅम्पमध्येच जायला लागला. दर फेरीला दुप्पट. काही क्षणांत अशी किंकाळी उठली की शेजारच्या काकूंनी गॅस बंद करून पोरांना रस्त्यावर आणलं. मी ती किंकाळी प्रमोदला पाठवली. त्याचं उत्तर आलं: “शेठ, यात मी कुठे आहे?”

तो पेडलची नावं कधी घेत नसे. कुठला घुमारा किती, हे तो पांझरा नदीच्या भाषेत सांगायचा. शहर आणि देवपूर यांच्या मधून वाहणारी ती नदी तो रोज ओलांडायचा. “मे महिन्यातली ठेव” म्हणजे जवळजवळ कोरडं. “धरणातून थोडं सोडलंय” म्हणजे हलका घुमारा. “आज फरशी पूल बुडू दे,” असं म्हणाला की मी सगळ्या डब्या चालू करायचो आणि माझ्यातला कलाकार सुखावायचा. त्या शेवटच्या धुनीबरोबर मात्र त्यानं लिहिलं होतं, “या वेळी किती पाणी, ते तू ठरव.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खूश झालो होतो. मला वाटलं, आता हा मला मानायला लागला...

अंत्यविधीला गेलो. तिथं मी काय केलं ते आठवत नाही. मी कुणाची तरी चप्पल घालून जळगावला परतलो, एवढं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पुढे त्या खोलीत जाणं होईना. मग प्रमोदच्या बायकोचा, शैलावहिनींचा फोन आला. “भाऊजी, मुक्ताला बाबांचं ते शेवटचं पूर्ण करून पाठवाल? ती पुण्यात एकटी आहे. सारखं विचारते.” मुक्ता त्यांची मुलगी. मी हो म्हणालो आणि खोलीच्या दाराशी जाऊन परत आलो. भीती एकच होती: अर्ध्यावर, जिथं मेन स्विच पाडला त्या जागी धून पोचली की काय होईल? शेवटी आत जाऊन धून लावली. काही झालं नाही. ती जागा आली, प्रमोद वाजवत पुढे गेला, आणि मीच खुर्चीत मागे राहिलो. त्यानंतर मी घाबरट माणसासारखं केलं. ठरवता येईना म्हणून सगळी पाणी वापरून पाहिली. कोरडं, ओलं, तुडुंब, असे प्रकार करून लॅपटॉप घेऊन देवपूरला गेलो.

प्रमोद जिथं वाजवायचा त्या खोलीत वहिनी आणि आबा. प्रमोदचे वडील खाटेवर, पाय खाली सोडून. मी त्यातलं सगळ्यात भरलेलं लावलं. खोली घुमायला लागली. आबा ताठ झाले, म्हणाले, “कोण वाजाडी राह्यनं हाई?” मी म्हटलं, “आबा, प्रमोद.” ते मान हलवत म्हणाले, “नही रे भो. तो असा नही वाजाडे.” वहिनी सभ्य. म्हणाल्या, “छान केलंय तुम्ही. मोठ्या हॉलमध्ये वाजतंय असं वाटतं.” मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “पण ते याच खोलीत वाजवायचे ना... तुमच्याकडे जसं आलं होतं तसं नाही का?”

मूळ फाईल होती. ती मी कधी कुणाला ऐकवत नसे. तयार भाजीऐवजी चिरलेली वांगी वाढावीत तसं ते. लावली. सुरुवातीलाच घर्रर्र असा बारीक, चिवट आवाज आला. मी ओशाळून म्हणालो, “हे काढायचं राहिलंय. या घराचं अर्थिंग खराब आहे, त्यामुळे गिटार गुणगुणते. फाईल आल्या आल्या मी हे कापतो नेहमी.”

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “आता बंद होईल.”

आणि तो आवाज बंद झाला. एकदम, कुणी दार लोटावं तसा. “त्यांनी हात ठेवला,” त्या म्हणाल्या. “तारेला हात लागला की ते थांबायचं. मी स्वयंपाकघरातून ओळखायची, आता बसले म्हणून.”

मी इतकी वर्षं या गोष्टी करतोय. तारेला माणसाचा हात लागला की ती गुणगुण विरते, हे मला पाठ आहे. तरी मी दर वेळी तेवढाच भाग कचऱ्यात टाकत होतो... धून सुरू झाली. कोरडी. नखाचा ओरखडा, बोट सरकल्याची चिरक, एके ठिकाणी चुकलेला आणि तसाच ठेवलेला सूर. आबा म्हणाले, “हां.” एवढंच. तो मोकळा, पांगळा आवाज त्या खोलीला बरोबर बसत होता.

धून संपली. शेवटचा सूर लांबत लांबत विरला. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला, तर वहिनींनी माझं मनगट धरलं. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. गुणगुणही नाही. फाईल मात्र पुढे चालली होती. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“अजून हात आहे,” वहिनी अगदी हळू म्हणाल्या.

तसाच तो बसला होता. सूर संपल्यावरही, डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवून. काय विचार करत होता कोण जाणे. शाळेची वेळ झाली होती. आणि मग घर्रर्र... वहिनींनी डोळे मिटले.

डोळे न उघडताच म्हणाल्या, “भाऊजी, मुक्ताला असंच पाठवा. सुरुवातीचं ते गुणगुणणंसुद्धा राहू द्या, तिला कळेल. फक्त... शेवटी ते परत सुरू होतं ना, त्याच्या आधी थांबवता येईल?”

मी म्हणालो, “येईल. कापायचं काम तेवढं मला जमतं.”

तिथेच, त्याच्या टेबलावर बसून कापलं. हात उचलण्याच्या जरासं आधी.