कोटाची मागची बाजू

माझी मावशी नाकावर माशी बसू देत नाही. चाळीस वर्षं ती नाटकांच्या पोशाखांची चित्रं काढते आहे, आणि तिला न विचारता चित्रातली साधी बाही आखूड करायची एकाही दिग्दर्शकाची छाती झालेली नाही. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही. दोन खोल्या, त्यातल्या एकीत चित्रांचं टेबल, एवढाच संसार.

पूर्वी ती सगळं कागदावर जलरंगात काढायची, कडेला कापडाचा तुकडा टाचायची आणि गुंडाळी काखोटीला मारून शिंपीमास्तरांच्या कारखान्यात जायची. मास्तर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "बाई, ही चुणी येते कुठून आणि जाते कुठं?" मग कापायच्या टेबलावर दोघांची तासभर जुंपायची. घरी येताना मावशी मास्तरांना वाटभर शिव्या घालायची आणि फार खूश असायची.

संगणक तिच्या गळ्यात मी मारला. पाप माझंच. दिग्दर्शकाला हिरव्याचा तपकिरी हवा झाला की बिचारी दोन दिवस बसून अख्खं चित्र पुन्हा रंगवायची, ते मला बघवेना. सुरुवातीला तिने कुरकुर केली, मग अशी पटाईत झाली की मीच तोंडात बोट घातलं. चेहरे, हात आणि कापडाच्या घड्या अजून ब्रशनेच काढते, कारण "यंत्राच्या घड्या इस्त्री करून आल्यासारख्या दिसतात." ते चित्र स्कॅन करायचं, खऱ्या कापडाचा तुकडाही स्कॅन करून त्याची वीण चित्रातल्या पोशाखावर पसरायची आणि रंग पडद्यावर बदलायचे. पुढून, मागून, बाजूने, शिवण मोठी करून, सगळं इतकं स्पष्ट की मास्तरांना विचारायला काही उरलंच नाही. फाइल जाते, पोशाख शिवून होतो. मास्तरांचा फोन येईनासा झाला.

"मग तूच जा की भेटायला," मी म्हटलं.

"काम नसताना? मी काय पाहुणी आहे?"

गेल्या नाटकात एका म्हातारीचा लांब कोट होता. शेवटचा सगळा प्रवेश ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते. मावशीने कोटाच्या पुढच्या बाजूवर चार दिवस घातले. फाइल पाठवण्याआधी मी सहज उघडून पाहिली, तर मागच्या बाजूची नुसती बाह्यरेषा. आत कोरं.

"मावशी, मागचं राहिलंय."

"राहू दे. मास्तर विचारतील."

विसरणाऱ्यांतली ती नाही. मला काय ते कळलं आणि मी फाइल तशीच पाठवली.

अकरा दिवस फोन रंगाच्या वाटीशेजारी होता. ब्रश धुतला की ती आधी हात कोरडे करायची. काय सांगायचं ते ठरलेलं होतं: पाठीवर मधोमध एक खोल चुणी, कमरेला पट्टी, आणि ती पट्टी बोटभर डावीकडे सरकलेली, कारण म्हातारीने ती स्वतःच्या हाताने लावली आहे. "पट्टीवरून मास्तर भांडणार बघ," असं ती मला दोनदा म्हणाली. एकदा फोन वाजला, तो माझाच.

"तू होय," ती म्हणाली.

रंगीत तालमीला आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. शेवटच्या प्रवेशात नटी वळली. मधोमध खोल चुणी. कमरेला पट्टी, बोटभर डावीकडे. मावशीने माझा हात घट्ट धरला.

तालीम संपल्यावर मास्तर विंगेतून आले, गळ्यात टेप तसाच.

"बाई, मागचं काढायचं राहिलं होतं तुमचं."

"हो, राहून गेलं."

"मी म्हटलं, एवढ्याशासाठी तुम्हाला कशाला त्रास? इतकी वर्षं तुमचं काम बघतोय. तुम्ही काय काढलं असतं ते डोळे मिटून सांगेन मी." मास्तर अगदी खुशीत होते. "चुकलं का कुठं?"

मावशी स्टेजवर चढली. नटीच्या मागे उभी राहून तिने शिवणीवरून बोट फिरवलं, पट्टी ओढून पाहिली, चुणी उघडून आतला टाका पाहिला. काहीतरी सापडू दे, असं मी मनात घोकत होते.

"नाही मास्तर," ती म्हणाली. "कुठंच नाही."

मास्तर हसत हसत आत गेले. त्यांना आणखी सहा पोशाखांची बटणं लावायची होती.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. आमचा थांबा जवळ आला तेव्हा म्हणाली, "एखादा टाका तरी चुकायचा होता गं त्यांचा."