मुद्दे साठवणारे व्याही

बातमी ताजी ताजी सांगण्यात काय मजा, ती मुरवूनच द्यावी, असं मानणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच आहे आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. आमचे व्याही मुद्दे साठवतात. चार-सहा मुद्दे जमल्याशिवाय त्यांचा हात फोनकडे जात नाही. मुलगी बघून गेले, त्यानंतर आठवडाभर हूं नाही की चूं नाही. आमच्या घरात फोन वाजला की सगळेच धावायचे. शेवटी एकदाचा फोन आला. "नमस्कार. मुद्दा एक, येवल्याला जाऊन आलो, पैठणी मागावर बघितली, घ्यायची तर तिथंच घ्या. मुद्दा दोन, लासलगावला कांदा उतरलाय, पोतं भरून ठेवा. मुद्दा तीन, तुमच्याकडून परतताना द्वारकेच्या चौकात माझी चप्पल तुटली, तो चौक पायी ओलांडत जाऊ नका. मुद्दा चार, मुलगी आम्हाला पसंत आहे. ठेवू?" मी म्हटलं, "अहो, हे आधी नाही का सांगायचं?" तर शांतपणे म्हणाले, "पसंत तर त्याच दिवशी होती. पण एवढ्या एका गोष्टीसाठी फोन करायचा?"

ही खोड ट्रंककॉलच्या दिवसांतली, आणि ती "तुमच्यासारख्या बायकांनीच लावली" असा त्यांचा माझ्यावर कायमचा आरोप आहे. कारण तरुणपणी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. काय तो माझा तोरा! खळ घातलेली कडक साडी, कानाला हेडफोन, आणि सगळं नाशिक आपल्याच परवानगीनं बोलतंय असा चेहरा. तीन मिनिटं झाली की मी दोघांच्या मध्ये शिरायचे, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" हा प्रश्न असा विचारायचे, की 'हो' म्हणायची कुणाची छाती होऊ नये. समोर साहेब असला तर तेच इंग्रजीत म्हणायचे आणि मान अशी वेळावायचे, की बोर्डावर आरसा नाही याचं वाईट वाटावं. दिवसभर तारांत बसून मला वाटायचं, आपल्याला माणसं कळतात. कळत होतं ते फक्त घड्याळ.

निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, भजनाला जातात. व्याही पाकिटं बघायला लागले. त्यांनीच मला समजावलं, की इंटरनेटवरून जे जे जातं ते बारक्या बारक्या पाकिटांतून जातं, आणि ती पाकिटं येता-जाता टिपून दाखवणारी एक लायब्ररी आहे, म्हणजे तयार फंक्शनांचा साठा. ती लिहिलेली सी भाषेत. दुसऱ्या, सोप्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती वापरायची तर मध्ये दुभाष्या लागतो. त्याला रॅपर म्हणायचं, आणि असा एक रॅपर आमचे व्याही गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये एकटे बसून जगासाठी सांभाळतात. विहीणबाई गेल्यापासून तर जास्तच. एकदा लॅपटॉप पंच्यात गुंडाळून माझ्याकडे आले आणि माझ्याच वायफायवरची पाकिटं मला दाखवू लागले. म्हणाले, "बघा, तुमचा टीव्ही बंद असतानाही कुणाशी तरी बोलतोय." मी म्हटलं, "बरं झालं, मला वाटायचं घरात मी एकटीच जागी असते." "काय बोलतो ते मात्र दिसत नाही हं, आतला मजकूर कुलपात असतो. कुणाकडून कुणाकडे, एवढंच कळतं." "इश्श! मग तुमच्यापेक्षा आमचं एक्स्चेंज बरं."

मध्यंतरी परदेशातल्या कुणा मुलीनं त्यांना विचारलं, की लायब्ररीत नवी फंक्शनं येऊन काळ लोटला, तुमच्या रॅपरमध्ये ती कधी येणार? झालं. व्याह्यांना पंख फुटले. जुन्या पद्धतीत म्हणे एकच फंक्शन सगळं उघडून मोकळं व्हायचं. नव्यात आधी नुसती तयारी करायची, मग काय हवं-नको ते एकेक ठरवायचं आणि शेवटी सुरू करायचं. एकदा सुरू झालं की बदल नाही. "कुकरसारखं आहे," ते चिवड्याचा बकाणा भरून म्हणाले, "मीठ झाकण लावायच्या आधी. शिट्टीला आल्यावर मीठ आठवलं तर लायब्ररी सरळ एरर देते. आमची ही तर चमचाच उगारायची." आणि मग हे कुकरपुराण सांगणारे गृहस्थ स्वतःच आधी सुरू करून मागून मीठ घालत बसले आणि चालत का नाही म्हणून सी भाषेवर रुसले. जुनी फंक्शनं मात्र त्यांनी एकही काढली नाही. "कुणीतरी अजून त्यांच्यावर विसंबून असेल," म्हणाले.

त्यात एक फंक्शन त्यांचं फार लाडकं. एरवी म्हणे पाकिटं साठत राहतात, आणि ढीग झाला किंवा वेळ भरली की एकदम हातात पडतात. हे फंक्शन वापरलं की आलं पाकीट की दिलं, थांबणं नाही. मी हसून हसून चहा सांडला. "व्याहीबुवा, अहो हे तर तुमचंच औषध! तुमच्यात बसवा की आधी." ते म्हणाले, "मी जुनी आवृत्ती. माझ्यात ते चालत नाही."

आणि मग एका सकाळी फोन. "नमस्कार. मुद्दा एक, ते फंक्शन बसलं, सगळ्या चाचण्या पास. मुद्दा दोन, तुमच्या लोणच्याची बरणी माझ्याकडेच आहे. मुद्दा तीन, खालच्या दुकानात नवी नागली आलीय. मुद्दा चार, परवापासून जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय, डावा हातही जड आहे. मुद्दा पाच..." पाचवा मी ऐकला नाही. एक्स्चेंजमधला तो जुना आवाज कुठून बाहेर आला कोण जाणे. "लाइन सोडा!" मी ओरडले. त्यांच्या शेजाऱ्यांना फोन लावून व्याह्यांना दवाखान्यात हलवायला सांगितलं, आणि स्वतः रिक्षात बसले. द्वारकेला सगळं ठप्प. रिक्षावाला म्हणाला, "आजी, लय जाम हाय. बसून ऱ्हावा." मी म्हटलं, "बसून राहायला मी काय त्यांचं पाकीट आहे? गल्लीतून काढ!" त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं काढली.

पोचले तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून आत नेत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर अवघड होतं. मुलगी-जावई बंगळुरूहून निघाले होते, पण त्या घटकेला व्याह्यांचं म्हणावं असं तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला बघून म्हणाले, "विहीणबाई, मुद्दा..." मी म्हटलं, "आता नाही. झाकण लागलंय, मीठ नंतर." ते हसलेच नाहीत. म्हणाले, "मुद्दे नाहीत. एकच आहे. भीती वाटतेय." एवढंच, ताजं, न मुरवलेलं. आमच्यात व्याह्याचा हात धरायची रीत नाही. मी धरला.

आता ते ठणठणीत आहेत. नवी फंक्शनं जगाला देऊन झाली, त्या परदेशी मुलीनं आभारही मानले. आणि बसलं म्हणायचं ते फंक्शन त्यांच्यातही! दिवसातून कितीदा तरी फोन वाजतो. "विहीणबाई, जास्वंदीला कळी आलीय. बस, एवढंच." "विहीणबाई, दोन जिने चढलो, काही झालं नाही. बस." एक वाक्य बोलतात आणि ठेवायला निघतात. काल असेच म्हणाले, "चहा फार गोड झाला आज. बस, एवढंच." बैठकीतला टीव्ही बंद होता, घरात चिटपाखरू नव्हतं. मी फोन कानाशी तसाच धरला आणि त्यांनी ठेवायच्या आत, जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं,

"वाढवायचं का?"