उतरणीचे दगड

आबा गेले तेव्हा मला दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं, हे आधीच सांगून टाकतो. सात वर्षं त्या माणसाने माझा एकही रविवार माझा राहू दिला नव्हता.

आबा म्हणजे साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. शेवटची नेमणूक जयपूरच्या छावणीत झाली आणि ते मालवीय नगरात घर बांधून राहिले. मी विदर्भातल्या लहान गावातून इथल्या कॉलेजात शिकवायला आलो. घरातला पहिला पदवीधर, हिंदी मोडकीतोडकी, ओळखीचं कुणी नाही. आबांनी वरची खोली दिली, आणि माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पहिला महिनाभर जेवू घातलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्या खोलीबरोबर मागचा डोंगरही माझ्या गळ्यात आला.

डोंगरावर देवीची लहानशी देवळी आहे आणि तिथे जाणारी जुनी पायवाट आहे. मध्ये एका ठिकाणी ती दगडाच्या खाणीच्या अगदी कडेने जाते. खाणवाल्यांना वाट बंद करून सगळा उतार फोडायचा होता. आबांनी ठरवलं होतं की वाट राहील, आणि उतारावरची धोक-रोंजाची झाडंही राहतील. त्यासाठी ते सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या बंगल्यांबाहेर कापडी पिशवी घेऊन तासन् तास बसत. अर्ज मात्र मला लिहावे लागत. एक कचेरी म्हणे जमीन जंगल खात्याची, जंगल खातं म्हणे आमची नाही. तिसरीकडे साहेब कायम दौऱ्यावर. मी कंटाळून म्हणायचो, "आबा, कुणाचीच नाही तर सोडा ना आता."

"कुणाची नाही म्हणूनच आपण बघायची. तू शिकलेला आहेस ना? मग लिही."

शिवाय त्यांचे नियम. वर जाताना प्रत्येकाने तांब्याभर पाणी न्यायचं, ते आधी रोपाला घालायचं, उरलं तर देवीला. दर चैत्रात वळणावळणाचे दगड चुन्याने रंगवायचे, तेही फक्त उतरताना दिसणाऱ्या बाजूने. म्हणजे चुन्याचा डबा वरपर्यंत न्यायचा आणि रंगवत खाली यायचं. मी विचारलं, हा कसला हट्ट? ते म्हणाले, "चढणाऱ्याला देवळीचा झेंडा दिसतो. उतरणाऱ्याला काय दिसतं?" माझी बायको म्हणायची, "पगार कॉलेज देतं की डोंगर?" मी डबा उचलून निघायचो.

भरीला घीसीबाई. ती त्याच उतारावर बकऱ्या चारायची, आणि मी पाणी घालून जगवलेली रोपं त्या बकऱ्या नेमकी खायच्या. मी ओरडलो की ती ओढणी सावरत म्हणायची, "मास्टरजी, बकरी स्कूल थोड़े ही गई है!" आणि आबा हसायचे. मला बकऱ्यांपेक्षा त्या हसण्याचा राग जास्त यायचा.

शेवटी एकदाचा वाट आणि झाडं राखण्याचा हुकूम निघाला, आणि त्याच महिन्यात आबांनी अंथरूण धरलं. चैत्र आला तसे म्हणाले, "दगड तेवढे रंगवून ये." मी एकटा गेलो. ऊन मी म्हणत होतं. रंगवत खाणीच्या कडेपर्यंत उतरलो, तर तिथली तीन रोपं मुळापर्यंत खाल्लेली. माझं डोकंच फिरलं. सात वर्षं कशासाठी, कुणासाठी? देवीने तरी आपल्या दारातली झाडं सांभाळावीत की नाही? कुंचला डब्यात फेकला आणि तसाच खाली आलो. खाणीच्या कडेचा एकही दगड रंगवला नाही.

"झालं सगळं, आबा."

"खाणीकडचेही?"

"हो."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. दमला असशील. अगं, याला ताक दे."

पंधरा दिवसांनी आबा गेले. राहिलेलं काम तसंच राहिलं, आणि खोटंही.

तेराव्याला माईंनी आबांचा तांब्या माझ्या हाती दिला. देवळीजवळचा धोक त्यांनी लावलेला होता, त्याला पाणी घालून यायचं होतं. माझी सहा वर्षांची नंदा हट्टाने बरोबर आली. वर जाऊन झाडाला पाणी घातलं. नंदा म्हणाली, "बाबा, मतलब आबा आता इथेच राहणार?" मी हो म्हटलं आणि उतरू लागलो.

अर्ध्या वाटेत आंधी आली, म्हणजे तिकडचं धुळीचं वादळ. पश्चिमेकडून पिवळी-काळी भिंत उठली आणि बघता बघता आमच्यावर आली. स्वतःचा हात दिसेना. नंदाला छातीशी धरून मी रंगवलेल्या दगडांच्या आधाराने उतरत राहिलो. आणि मग तो दगड आला, जिथे मी कुंचला फेकला होता. पुढे माझा चुना नव्हता. डाव्या हाताला खाण होती. थांबावं तर वारा कडेकडे ढकलत होता, पायाखालची खडी सरकत होती, आणि पोर खोकून खोकून घुसमटत होती.

त्या वेळी मला एकही स्तोत्र आठवलं नाही. एवढंच म्हणालो, "आई, खोटं मी बोललो. हिच्या अंगावर आणू नकोस."

नंदा मान वळवून पुढे बघत म्हणाली, "बाबा, पावलं!"

"कसली पावलं?"

"लक्ष्मीची. आई दिवाळीत काढते तशी."

मी वाकलो. समोरच्या दगडावर दोन पांढरी पावलं होती, बोटं उताराकडे. ती धरून पुढे गेलो, तर पुढच्या दगडावर आणखी दोन. सात वर्षांत पहिल्यांदाच मी काही विचारलं नाही, वाद घातला नाही. पावलं जिकडे, तिकडे गेलो. खाण मागे पडली.

पायथ्याच्या कडुलिंबाखाली घीसीबाई बकऱ्यांना कवटाळून बसली होती. तिने नंदाला ओढणीत घेतलं. माझा श्वास खाली बसल्यावर मी पावलांचं विचारलं.

"फौजीजी ने बुलवाया था. बोले, मास्टरजी थक गए हैं, खान वाला टुकड़ा तू कर दे. चूना मेरे पास कहाँ? खड़िया घोल ली. और मुझे तो पगल्या ही मांडने आते हैं." खड़िया म्हणजे पांढरी माती, आणि पगल्या म्हणजे देवीची पावलं. तिकडच्या बायका सणाला ती अंगणात काढतात.

"बोटं खाली का केलीस?"

"पगल्या तो घर की तरफ ही जाते हैं, मास्टरजी. इतना भी नहीं मालूम?"

कधी बोलावलं होतं, तेही विचारलं. मी खोटं सांगून, ताक पिऊन वर खोलीत गेलो होतो, तीच ती संध्याकाळ.

म्हणजे आबांना कळलं होतं. अंथरुणावरून त्यांना खाण दिसत नव्हती, माझा चेहरा दिसत होता. त्यांनी मला पकडलं नाही, माझं राहिलेलं काम तेवढं भरून काढलं. यात देवीचं किती आणि आबांचं किती, याची वाटणी मी करत नाही. वाट राखणं म्हणजे अर्ज आणि झाडं एवढंच मी समजत होतो. आबांनी वाटेवरून येणारी माणसंही राखली होती, खोटं बोलणारीसुद्धा.

आता दर चैत्रात मी न सांगता डबा घेऊन जातो. बकऱ्या अजून रोपं खातात, मी अजून ओरडतो, आणि घीसीबाई अजून तेच उत्तर देते. खाणीच्या कडेचे दगड मात्र मी रंगवत नाही, तिथे घीसीबाईच्या पगल्या असतात. तिथे आलो की डबा खाली ठेवतो, हात जोडतो, आणि तेवढी वाट तिच्यावर सोपवून खाली उतरतो.