तीस घरांचा एक डबा

आमच्या वाडीत डिजिटल आलं तेव्हा गावकीने नारळ फोडला. मी आजही तोंडावर सांगते, तो नारळ दगडावर फोडला ते चुकलं. ज्यांनी तो आणला त्यांच्या टाळक्यात फोडायला हवा होता.

पोलादपूर सोडून कशेडीच्या अंगाला लागलं की खाली आमची वाडी. तीस घरं आणि तिन्ही बाजूंनी डोंगर. त्या खोलगटात टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या, म्हणून वाडीने वर टेपावर, म्हणजे उंच टेकाडावर, लोखंडी खांब रोवून एक मोठा अँटेना बसवला होता. तिथून घरोघरी वायर आली होती. दोनच चॅनेल यायचे, पण ज्याने त्याने आपल्या घरात आपलं बटण फिरवावं. कुणाची कुणाला आडकाठी नव्हती.

माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. लहानपणी पाच वर्षं ती लांबच्या शहरात मूकबधिरांच्या शाळेत राहिली आणि तिथे हातांची भाषा शिकली. वयात आली तशी बाबांनी तिला घरी आणलं. इथे त्या भाषेचा एकही माणूस नव्हता. आम्ही तिच्याशी बोलायचो म्हणजे काय, तर जेव, ये, पाणी आण, गुरं सोड. तेही माना हलवून.

रविवारी दुपारी मात्र सरकारी चॅनेलवर पंधरा मिनिटं बहिऱ्यांच्या बातम्या लागत. एक बाई हातांनी बातम्या सांगायची. बहीण सकाळीच कामं उरकायची, वेणी घालायची, धुतलेला ड्रेस घालून टीव्हीपुढे बसायची. बाईने काही सांगितलं की ही हातांनी उलट उत्तर द्यायची, वाद घालायची, खुदकन हसायची. अख्ख्या आठवड्यात तेवढंच कुणीतरी तिच्याशी तिच्या भाषेत बोलत होतं.

मग शिमग्याला मुंबईकर आले. आमचं गाव राहतं इथे आणि डोकं असतं मुंबईत. मुंबईच्या मंडळाने ठरवलं की झालं, गावकी मान हलवायला मोकळी. "अँटेनाचा जमाना गेला, आता सगळं डिजिटल हाय," म्हणत त्यांनी डिशची एक छत्री आणि तिला जोडायचा एक सेट-टॉप डबा आणला. एकच हं! अँटेना एकच होता ना, मग छत्री आणि डबाही एकच पुरे, असा हिशोब. डबा गावकीच्या अध्यक्षकाकांच्या माजघरात ठेवला, जुनी वायर त्याला जोडली आणि त्याच दुपारी टेपावरचा खांब कापून देवळाच्या पत्र्यांना टेकू लावला. नारळ फोडला तो तेव्हा.

संध्याकाळी चित्र लख्ख आलं. सगळे खूश. मग घरोघरी बटणं फिरायला लागली आणि उजेड पडला. एका नंबरवर चित्र, बाकी सगळीकडे मुंग्या. डब्यावर जे लावलं तेच तीसही घरांत! वाडीत ढीगभर चॅनेल आले होते, पण ते सगळे काकांच्या रिमोटमध्ये. काका कुस्ती बघणार तर वाडी कुस्ती बघणार. बायका अंगणातून ओरडायच्या, "अगो काकी, मालिका लाव गो, सुरू झाली!" आणि काकांना डुलकी लागली की वाडीने आपलं गुमान बसायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ते हेच. पण कबूल कोण करणार?

पहिल्याच रविवारी बहीण वेणी घालून बसली आणि टीव्हीवर मारामारीचा पिक्चर. तिने घड्याळ बघितलं, बटण फिरवलं, टीव्हीच्या बाजूवर दोन चापट्या मारल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी तशीच उठून काकांकडे गेले.

"काका, पंधरा मिनिटं सरकारी चॅनेल लावा. बहिणीच्या बातम्या लागतात."

"एका बहिरीसाठी तीस घरांचा पिक्चर तोडू काय गो? आनि तिला कळतंय काय त्यातलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिला कळतं. तुम्हाला कळत नाही, तो तिचा दोष नाही."

"महाडात कोर्टासमोर टायपिंग करतेस म्हणून वकील नाय झालीस. एवढं वाटतंय तर गावकीत मांड, जा."

बायका गावकीत चहा घेऊन जातात, बोलायला नाही. मी येणार नाही याची काकांना खात्री होती. बाबा तर हातापाया पडले. "नको गो, वाडीत ऱ्हायचंय आपल्याला."

"तीसुद्धा वाडीतच राहते, बाबा," मी म्हटलं. दिवसभर मी दुकानात लोकांचे अर्ज बडवायची. त्या आठवड्यात एक आपला बडवला. विषय, दर रविवारी पंधरा मिनिटे मिळणेबाबत.

पुढच्या रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. मी बहिणीचं मनगट धरून आत शिरले. "ही रीत नाय," कुणीतरी गुरगुरलं. "रीत नाही तर नाही, ऐकायला कान आहेत ना?" असं म्हणून मी अर्ज खणखणीत वाचला. बाबा खांबाआड मान खाली घालून बसले होते. त्यांची दया आली, पण थांबले नाही.

काका बेरकी. ते म्हणाले, "तू कशाला बोलतेस तिच्या वतीनं? तिलाच इचार काय पायजे ते. ती सांगंल, तू आमाला मराठीत सांग."

मी हवेत टीव्हीची चौकट काढून बहिणीला खुणेने पुढे केलं. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे वळली आणि तिचे हात सुरू झाले. भराभर, न थांबता. इतकं बोलताना मी तिला घरात कधी बघितलंच नव्हतं. आणि देवाशप्पथ सांगते, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मधेच तिने माझ्याकडे बोट केलं, तेवढं दिसलं. तीस घरांचे पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते.

पण हार मानणारी जात नाही माझी. मी दिलं ठोकून. "ती म्हणते, तुम्ही सात दिवस बडबडता. मला त्यातली पंधरा मिनिटं द्या. नाहीतर तो डबा कसा चालतो तेच मी बघते."

एक म्हातारा खो खो हसला. "पोरीत दम हाय रे! देऊन टाका." मग बाकीचेही हसले, आणि सगळ्यांदेखत काकांना होय म्हणावं लागलं. मला मिशी असती तर देवळाच्या पायऱ्या उतरताना पीळ भरला असता.

त्या दुपारी तीसही घरांत बहिऱ्यांच्या बातम्या लागल्या. मी बहिणीच्या शेजारी बसले. तिने एकदाही हात हलवले नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली. देवळात मला काही कळलं नव्हतं हे तिला पक्कं कळलं होतं. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे मी तांब्या दाखवून विचारलं, याची हातांनी खूण काय करतेस? तिने करून दाखवलं. तिथून लागले. कामावरून आले की रोज बसायची, चुकले की ती बोटावर टिचकी मारायची.

गणपती आले तोवर मला बऱ्यापैकी समजायला लागलं होतं. मग मी विचारलं, देवळात त्या दिवशी काय म्हणालीस? तिने तेच हात पुन्हा केले, सावकाश.

बातम्या नकोत मला. ती बाई माझं ऐकत नाही. मला बोलायला माणूस पाहिजे. सगळ्यांशी भांडतेस, मग तू का शिकत नाहीस?

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून, अडखळत्या बोटांनी, मी तिच्या नावावर देवळात काय ठोकून दिलं होतं ते सगळं तिला सांगितलं. तिने माझ्या दंडावर एक सणसणीत रट्टा हाणला. मग मला एकही शब्द चुकू नये म्हणून थांबत थांबत हात केले.

पुन्हा माझ्या नावावर खोटं बोललीस, तर गावकीत उभी राहून तुझीच तक्रार करीन. आणि ती मराठीत तूच सांगायची.