मंगळवारचा नारळ

१० डिसेंबर २०२३, रविवार. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या सतरा नंबरच्या खोलीत चार जीव राहत होते : दोन मोठे, दोन लहान. त्यांतले लहान दोन जीव आठवड्यातले सहा दिवस सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्याच गॅलरीतल्या एकवीस नंबरमध्ये, सुभद्रा परबांकडे असत.

सुभद्राबाई मूळच्या देवगडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली, पुढे नवराही गेला, आणि त्यांनी चाळीतली मुलं सांभाळायला सुरुवात केली. मुलं त्यांना आजी म्हणत. सतरा नंबरची रुपाली परळच्या एका खाजगी रुग्णालयात बिलिंगच्या काउंटरवर बसे. थोरल्या नूपुरला तिने सहाव्या महिन्यात त्यांच्या मांडीवर दिलं होतं आणि धाकट्या मयूरलाही तसंच. नूपुर आता पाच वर्षांची होती. मयूर अकरा महिन्यांचा.

त्या रविवारी सकाळी मयूर भिंत धरून उभा राहिला, उंबऱ्याशी आला, क्षणभर थांबला आणि पाय उचलून गॅलरीत पडला. निलेशने, म्हणजे त्याच्या बापाने, सगळं फोनवर टिपलं. रुपालीचे डोळे भरून आले. कोकणातल्या त्यांच्या घराच्या रीतीप्रमाणे मूल पहिल्यांदा ज्या उंबऱ्यापलीकडे जाईल, त्याच उंबऱ्यावर बापाने नारळ फोडायचा असतो. निलेशने फोडला. प्रभादेवीहून त्याची थोरली बहीण चंपाताई पेढे घेऊन आली. गॅलरीत माणसं जमली. शेजारची प्रिती आली. तिचा मुलगाही सुभद्राबाईंकडेच असे. सुभद्राबाई स्वतः आल्या आणि दाराबाहेर, जरा मागे उभ्या राहिल्या.

खोबऱ्याचा तुकडा चघळत नूपुर म्हणाली, "पण बाबा, मयूरने आजीकडे कधीच ओलांडला. मंगळवारी."

"काय ओलांडला?"

"उंबरा. आजी बोलली, आईला सांगायचं नाही. आई आपली आपण बघेल."

मग चंपाताई हसली. "म्हणजे हा नारळ शिळा म्हणायचा. खरा मान एकवीस नंबरचा. रुपाली, तू आपली पेढे वाट."

हे हसण्यावारी नेता आलं असतं. रुपालीला ते जमलं नाही. अर्ध्या तासापूर्वी आलेलं रडू तिला आता सगळ्यांसमोर केलेल्या नाटकासारखं वाटू लागलं, आणि त्या नाटकाला जबाबदार असलेलं माणूस चार हातांवर उभं होतं.

"मावशी, माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवता तुम्ही?" आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला. "पोरं सांभाळायला दिलीत तुम्हाला. तुमच्या नावावर केलेली नाहीत."

सुभद्राबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं असावं. पण त्यांनी एकदा चंपाताईकडे, एकदा प्रितीकडे नजर टाकली आणि एवढंच म्हणाल्या, "चुकलां गो बाय माझा." हातातला पेढा तोंडात न घालता पदराच्या टोकात बांधून त्या आपल्या खोलीकडे गेल्या.

जानेवारीपासून दोन्ही मुलं लोअर परळच्या एका पाळणाघरात जाऊ लागली. तिथे कॅमेरे होते, रंगीत गाद्या होत्या, आणि मुलांनी काय खाल्लं, ती किती झोपली, याची नोंद फोनवर येई. तिथल्या कुठल्याही दाराला उंबरा नव्हता. महिनाभरात प्रितीनेही आपला मुलगा काढून घेतला. "नको बाबा," ती नळावर म्हणाली, "एकाला शिकवलं, ती दुसऱ्याला पण शिकवणार." मग कोपऱ्यातल्या खोलीतली जुळी गेली. एकवीस नंबरच्या दारात चपलांचे लहान लहान जोड असत, ते दिसेनासे झाले. रुपाली रोज तिथून जाताना फोनमध्ये बघे. आपण एक चूक निस्तरली, अशी तिची तोपर्यंत प्रामाणिक समजूत होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी काउंटरवर रांग असताना तिचा फोन थरथरला. पाळणाघराचा संदेश होता : आज मयूर स्वतःच्या हाताने ग्लासातून पाणी प्यायला. सोबत अकरा सेकंदांची चित्रफीत आणि चांदण्यांची नक्षी. मयूरच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, आणि टाळ्या वाजवणारे हात कोणा अनोळखी मुलीचे होते. कशाला कळवलं यांनी, असं रुपालीच्या मनात आलं. घरी येऊन मी ग्लास दिला असता, आणि मला वाटलं असतं की हे पहिल्यांदाच.

आणि ते वाक्य मनात पुरतं उमटायच्या आत तिला कळलं की हे आपण पूर्वी मोठ्याने बोललो आहोत.

चार वर्षांपूर्वीची संध्याकाळ होती. ती कामावरून आली, तेव्हा सुभद्राबाई गॅलरीत वाटच बघत होत्या. "गो बाय, तुझ्या चेडवान आज माझो उंबरो ओलांडल्यान. निलेशाक बोलव, नारळ बापाशीनच फोडूक व्हयो." त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो रुपालीला सहन झाला नव्हता. ती तिथेच कठड्याला टेकून रडली होती. नारळ राहूनच गेला. डोळे पुसून ती नूपुरला घ्यायला आत गेली, तेव्हा म्हणाली होती, "मावशी, परत असं काही झालं तर मला सांगू नका. मी बघेन, तेच पहिलं. मला तसंच वाटू दे."

सुभद्राबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "बरां. सांगूचंय नाय."

त्यांनी शब्द पाळला होता. मागणारी विसरली होती.

काउंटरपलीकडचा माणूस दोनदा "मॅडम" म्हणाला, तेव्हा तिने बिल छापलं. दुसऱ्याची मुलं वाढवणाऱ्या माणसाकडून आपण माया मागतो, आणि त्या मायेची खूण दिसू नये अशीही अपेक्षा धरतो. हा विचार तिला शब्दांत मांडता आला नसता. तिला फक्त तो पदरात बांधलेला पेढा आठवत राहिला. त्या दिवशी सुभद्राबाईंना एका वाक्यात स्वतःला सोडवून घेता आलं असतं. तूच सांगितलं होतंस, एवढंच म्हणायचं होतं. नणंदेसमोर रुपालीचं हसं होऊ नये म्हणून त्या ते म्हणाल्या नव्हत्या.

शनिवारी संध्याकाळी ती एकवीस नंबरमध्ये गेली. सुभद्राबाई एकट्याच तांदूळ निवडत होत्या. "ये," म्हणाल्या. "पोरां बरी आसत? मयूराचो खोकलो गेलो?"

"मावशी, मला आठवलं," रुपाली हळू आवाजात म्हणाली. "मीच सांगितलं होतं तुम्हाला."

सुभद्राबाईंचा हात सुपात थांबला. "माका म्हायत होता. तुका आठवतला म्हणान गप रवलंय."

"माझं चुकलं."

"घरात बोललंस, पावला माका." त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "पण त्या दिवशीचा ता घरात बोललेला नव्हता, बाय."

देव्हाऱ्याशेजारी एक नारळ होता. शेंडी पिवळी पडलेली, एका अंगाला चीर गेलेली. रुपाली त्याच्याकडे बघते आहे हे पाहून सुभद्राबाई म्हणाल्या, "मंगळवारचो तो. तुझो मयूर चललो, तेच दिवशी हाडलेलो. कधीतरी निलेश फोडीत म्हणान."

रुपाली बाहेर आली. गॅलरीत प्रिती कपडे काढत होती. आणखी दोघीजणी कठड्याशी उभ्या होत्या. डिसेंबरमध्ये ज्यांनी ऐकलं होतं, त्यांतल्याच.

"काय गं," प्रिती म्हणाली, "आज एकवीस नंबरमध्ये? समेट झाला वाटतं."

रुपाली थांबली. सांगायचं होतं ते चार शब्दांचं होतं : मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. ते जिभेवर आलंही होतं. पण त्यामागून पुढचे प्रश्न दिसले : मग खोटं कोण बोललं, कशासाठी, आणि पहिल्या मुलीच्या वेळी तू का रडलीस. मागे दार उघडंच होतं, आणि सुपातल्या तांदळाचा आवाज बंद झाला होता.

"नाही गं," ती म्हणाली. "उद्या पाणी किती वाजता सोडणार, विचारायला गेले होते."

आत तांदळाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मयूर आता धावतो. नूपुर अधूनमधून विचारते, आजीकडे कधी जायचं. रुपाली रोज दोनदा एकवीस नंबरवरून जाते, आणि आता फोनमध्ये बघण्याचंही तिला जमत नाही. सुभद्राबाईंकडे सध्या एकही मूल नाही. रुपालीच्या दोन्ही मुलांनी त्यांचा उंबरा ओलांडला. त्या दोघांचे नारळ त्या उंबऱ्यावर फुटलेले नाहीत. गॅलरीत जे बोललं गेलं, ते गॅलरीत अजून मागे घेतलं गेलेलं नाही.