एका वेळी एकच वायर

शांताकाकूंनी फोन केला नसता, तर गजभियेकाका गेल्याचं मला लवकर कळलंच नसतं. भिलाईच्या रिसाली भागातलं त्यांचं घर माणसांनी भरलं होतं, रडारड चालली होती. त्यातून उठून काकूंनी माझ्यासारख्या नात्यागोत्यात नसलेल्या पोराला आठवणीनं कळवलं. "बाबू, काका गेले रे. गाडी सावकाश चालवत ये." ते 'सावकाश' मला फार लागलं. कारण त्याच आठवड्यात काका माझ्यासाठी दुपारभर उन्हात उभे होते.

मी सोलापूरकडचा. नववीत शाळा सोडली, मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इकडं आलो, ट्रक विकला तसा भिलाईतच राहिलो. पुढं शाळेच्या मुलांची जुनी पेट्रोल व्हॅन चालवायला मिळाली. काका स्टील प्लांटातून रिटायर झालेले, पण कान कायम इंजिनाकडं. माझं मराठी ऐकून त्यांनीच हटकलं, "कोनत्या गावचा बे तू?" तेव्हापासून रविवारचं माझं जेवण त्यांच्याकडं. इंजिनावर वाकून ते एकच गोष्ट बजावायचे. गाडी मिसिंग करायला, ठोके चुकवायला लागली, की एका वेळी एकच वस्तू बदलायची, चालू करून ऐकायचं, मगच दुसरीला हात लावायचा.

आणि मी काय केलं? दुर्गच्या रस्त्यावर व्हॅन आचके द्यायला लागली. मालक म्हणाला, सोमवारपर्यंत नीट झाली नाही तर दुसरा ड्रायव्हर बघतो. मी घाबरलो. प्लग, वायरी, कॅप सगळं एकदम नवं टाकलं, वर कार्बोरेटरचा स्क्रूही फिरवला. गाडी आणखीच धडधडायला लागली. मग काकांना बोलावलं.

"अबे, डॉक्टर हायेस का कसाई? आता दुखनं कोनतं अन् दवाई कोनती, कसं समजन?" हसत हसत त्यांनी जुनं सामान एकेक करून परत लावायला घेतलं. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायचे, आवाज पडतो का ते ऐकायचे. तिसरी काढली तरी आवाज तसाच, म्हणजे ती आधीपासूनच मेलेली! माझी नवी वायरच खराब निघाली. ती बदलल्यावरही थोडं मिसिंग उरलं, तो मूळचा दोष. कार्बोरेटरजवळची रबरी नळी चिरून हवा ओढत होती. एवढंसं काम... माझ्या घाईनं त्याची दुपार झाली. मधे ते भिंतीला टेकून बसले, छाती चोळली. "ॲसिडिटी झाली वाटते," म्हणाले. मी पाना धरून तसाच उभा. डोक्यात सोमवार.

दोन-तीन दिवसांत हार्ट अटॅक आला.

तेराव्यानंतर... म्हणजे ते बौद्ध, त्यांच्यात तेरावं नसतं, पुण्यानुमोदन झाल्यावर, मी काकूंना सगळं सांगितलं.

"त्या दिवशी सकाळपासूनच घाम येऊन राहिला होता त्यायले. मी म्हटलं, नका जाऊ. तर म्हणे, पोराचं काम जाईन." मग पदर नाकाला लावून म्हणाल्या, "मी तरी कुठं दार अडवलं रे? तूच एकटा काहून रडतं? चाल, जेवून घे."

मला शिव्या दिल्या असत्या, तर जेवण सोपं गेलं असतं.

काकूंना दीक्षाभूमीला नेतो, असं काका दरवर्षी म्हणायचे. गुडघ्यांमुळं काकूंना रेल्वेत चढवत नाही. एक दिवस मी त्यांना व्हॅनमध्ये पुढं बसवून नागपूरला नेणार आहे. इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. काकांचा हात शेवटचा लागला तो तिथं, आणि त्यानंतर मी तिथलं काहीच बदललेलं नाही.