चुना-डांबराची पेटी

रामअण्णांना पेटी वाजवता यायची, पण धृपदापुरतीच. गाण्याची पहिली ओळ त्यांच्या बोटांखालून नीट निघायची, दुसरी अडखळत निघायची आणि अंतरा आला की बोटं ओढ्याच्या काठाशी आलेल्या शेळीसारखी जागीच थांबायची. मग ते भाता हलवत एकच सूर धरून ठेवायचे. त्यांची बायको भागाबाई एकटीच अंतरा म्हणून धृपदावर परत यायची, तेव्हा तेही पुन्हा तिच्याबरोबर चालू लागायचे. दुबलगुंडीतल्या आमच्या वस्तीत बरीच वर्षं गाणं असंच चालायचं. निम्मं दोघांचं, निम्मं तिचं एकटीचं.

"अंतऱ्यात मला सोडून कुठं जायलाव वो तुमी?" भागाबाई विचारायची.

"मी कुठं सोडायलोय? पेटी सोडायलीय. दोन पट्ट्या मुक्या हैत तिच्या, ठाव हाय न्हवं?"

"नाचता येईना," एवढंच ती म्हणायची. उरलेली म्हण वस्ती पुरी करायची.

पेटी खरंच वाईट होती. गावचे मोठे जमीनदार गुंडप्पा गौडा यांनी ती मुलीसाठी आणली होती. मुलीचं लग्न झालं, पेटी कोठीत पडली, उंदरांनी भाता कुरतडला, तेव्हा गौडांच्या गड्यानं ती मागच्या दारानं वस्तीला दिली. रामअण्णांनी भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. तरी वाजवताना ती धापा टाकायचीच. "माझीच भैन हाय," भागाबाई हसून म्हणायची. तिला दमा होता. पाण्याची घागर घेऊन चढ चढताना ती मधे दोनदा बसायची. गाताना मात्र तो दम कुठं लपायचा, कोण जाणे.

रामअण्णा रस्त्याच्या गँगमध्ये होते. हुमनाबादच्या सडकेवर डांबर टाकायचं, खड्डे बुजवायचे. कपडे धुतले तरी त्यांच्या अंगाला डांबराचा वास असायचा. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, घरातले जुने देव गेले आणि त्यांच्याबरोबर जुनी गाणीही गेली. नव्या गाण्यांची वस्तीला फार भूक होती. भागाबाईला अक्षर येत नव्हतं, पण गाणी ती स्वतःच जुळवायची. त्यातलं एक वस्तीतल्या बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं:

उंबऱ्याच्या आत माझ्या ऊन आलं चालत,
भीमा, तुझ्या हातानं रं दार आलं उघडत.

त्याचा अंतरा उंच जायचा. तिथं रामअण्णांची बोटं कधीच पोचली नाहीत.

माझे वडील नरसिंग गायन मंडळात ढोलकी वाजवायचे. नवी पेटी घ्यायची असं ठरलं त्या बैठकीचं वर्णन मी त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलं आहे. सगळ्यांत जास्त आग्रह रामअण्णांचा होता.

"कोरी पेटी येऊ द्या," ते म्हणाले. "रोज सकाळी बसतो का न्हाई बघा. मग अंतरा कसा येत न्हाई तेबी बघतो."

"अण्णा, जुन्या तिफणीनं पेरलं न्हाई ते नव्या तिफणीनं पेरणार व्हय?" वडिलांनी टोमणा मारला.

"तिफणीचं छिद्रच बुजलंय, नरसिंगा. बी पडंल कुठून?"

सगळे हसले आणि वर्गणी ठरली.

पेटी सोलापूरहून आली, तेव्हा शिवारात हरभरा फुलला होता. सत्तर साल सरत आलं होतं. हुमनाबादच्या पेंटरकडून झाकणावर नाव घालून घेतलं होतं: भीम गायन मंडळ, दुबलगुंडी, म्हैसूर राज्य. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली. तिथं बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ती ठेवली. पॉलिशचा वास दारापर्यंत येत होता. बायका बघायला आल्या आणि कुणी सांगितलं नसताना त्यांनी हात पाठीमागं बांधून घेतले.

आमच्या घरांत तोवर कोरं असं फारसं काही आलंच नव्हतं. लुगडं आलं ते कुणीतरी नेसलेलं, भांडं आलं ते पोचे पडलेलं, पुस्तकं आली ती दुसऱ्याचं नाव खोडून. त्या दिवशी पहिल्यांदाच एक वस्तू अशी आली की जिच्यावर दुसऱ्या कुणाचं बोट उमटलेलं नव्हतं. म्हणूनच असेल, रामअण्णा एकाएकी उठून म्हणाले, "हिला असाच हात लावायचा न्हाई. पयला हात साहेबांचा."

साहेब म्हणजे गुलबर्ग्यातल्या कचेरीत वरच्या खुर्चीवर बसणारे आमच्यातले पहिले अधिकारी. जयंतीला त्यांना बोलवायचं, त्यांच्या हातानं फीत कापायची, मग पेटी वाजवायची. कुणालाच यात वावगं वाटलं नाही. भागाबाईनं फक्त विचारलं, "मग तवर शिकणार कशावर?" पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. पेटीला निळी फीत बांधली गेली आणि विहाराची किल्ली रामअण्णांच्या करगोट्याला.

त्याच भरात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जुनी पेटी डोक्यावर घेऊन ते गौडांच्या वाड्यावर गेले. मागच्या दारानं आलेली पेटी त्यांनी पुढच्या दारानं परत नेली.

"कामून रं रामण्णा? बिघडली व्हय?" गुंडप्पा गौडांनी विचारलं.

"बिघडली न्हाई, गौडा. आता उष्टं नको वाटायलंय."

पेटी ओसरीवर राहिली. पुढं तिच्यावर धान्य मोजायची पायली ठेवलेली दिसायची, कधी खुडूक कोंबडी बसलेली. वस्तीत मात्र हे वाक्य लग्नातल्या उखाण्यासारखं फिरत राहिलं. पोरंसोरं एकमेकांना शिळी भाकरी परत करताना तेच म्हणायची.

जयंतीला साहेब आले नाहीत. मांडव घातला होता, भागाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. दुपार कलल्यावर निरोप आला: वरून तपासणी आली आहे, पुढच्या वर्षी नक्की. त्या दिवशी भागाबाई पेटीशिवाय गायली. पेटी तसबिरीखाली फितीत बांधलेली होती आणि रामअण्णा तिच्याशेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामावरून एक फळी आणली. तिच्यावर चुना फिरवला आणि डांबरानं काळ्या पट्ट्या काढल्या. सोलापूरच्या दुकानात नव्या पेटीचं झाकण उघडून दाखवलं होतं तेव्हा पाहिलेलं होतं, उरलेलं बोटांच्या अंदाजानं. कामावर जाण्याआधी ते उंबऱ्यावर बसायचे, फळी मांडीवर घ्यायचे. आत भागाबाई भाकरी थापता थापता गायची आणि तिच्या गाण्यावर ते बोटं चालवायचे. फळीतून ठक् ठक् एवढाच आवाज.

"आवो, माझा सूर वर चढायलाय आन तुमचं बोट खाली कामून उतरायलंय?"

"बघायलीस व्हय तिथून?"

"भाकरीला डोळे लागत न्हाईत."

पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी खऱ्या पेटीवर एवढ्या वर्षांत कधी सलग बैठक मारली नाही, ते या मुक्या फळीवर रोज बसू लागले. पावसाळाभर बसले. शेजारणी हसायच्या. "अण्णा, जरा हळू वाजवा, लेकरू निजलंय," असं म्हणून जायच्या. पण त्या वर्षाच्या अखेरीला बोट अंतऱ्याच्या काठावरून पलीकडं गेलं. भागाबाईनं तव्यावरची भाकरी करपू दिली आणि अंतरा संपेपर्यंत बोटांकडं बघत राहिली.

"आलं की वो," ती म्हणाली. "आता पेटीवर."

"साहेब येऊ देत."

पुढच्या जयंतीच्या आधी साहेबांची बदली बेंगळूरला झाली. रामअण्णांनी माझ्या वडिलांकडून दोन पत्रं लिहवून घेतली. उत्तर आलं नाही. दुसरा कुणी पाहुणा बोलवावा असं वडील म्हणाले, तर अण्णा तुटून पडले. "शब्द दिलाय आपण त्यांना. नवरीला दुसरा नवरा बघायचा व्हय?" फितीचा निळा रंग उडू लागला होता.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला बायका गेल्या, तशी भागाबाईही गेली. खडीची धूळ तिच्या छातीत जाऊन बसली. हिवाळ्यापर्यंत ती अंथरुणाला लागली. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर उशी घेऊन बसायची, कारण आडवं झालं की श्वास मिळत नव्हता. डॉक्टरांनी सुई दिली, हवा बदला म्हणाले.

एका सकाळी माझे वडील तिथं बसलेले असताना ती म्हणाली, "एकदा उघडा की ती पेटी. तुमचा अंतरा माझ्या कानांनी ऐकते. मग बांधा परत. कोण बघायलंय?"

रामअण्णा उठले. वडील त्यांच्यामागून गेले. विहाराचं कुलूप काढून अण्णा पेटीपुढं बसले आणि फितीची गाठ सोडवू लागले. गाठ निम्मी सुटली. मग त्यांनी वर तसबिरीकडं पाहिलं, झाकणावरच्या नावाकडं पाहिलं आणि गाठ होती तशी आवळली.

"अण्णा, सोडा ती," वडील म्हणाले. "मी कुणाला सांगत न्हाई."

"सगळ्यांच्या म्होरं मीच बोललोय, नरसिंगा. घरच्या माणसासाठी मीच मोडू व्हय?"

परत आल्यावर भागाबाईनं त्यांच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. रागावली नाही. थोडा वेळ श्वास गोळा करून म्हणाली, "मग गौडाच्या ओसरीवरली तरी आणा. कोंबडी उठवून."

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"एका दिसासाठी मागितली तर देतील की ते."

"देतील," अण्णा म्हणाले. "म्हणूनच न्हाई जात."

"बरं," ती म्हणाली. "फळी आणा."

ती धृपद गायली, जेमतेम. उंबऱ्याच्या आत माझ्या ऊन आलं चालत. फळीवर बोटं तिच्याबरोबर चालत होती. अंतरा आला आणि ती थांबली. तोंड उघडं, मान भिंतीला, श्वास वर येईना. बोटं थांबली नाहीत. बोटं एकटीच वर चढली, वळली, न चुकता खाली उतरली आणि धृपदापाशी येऊन उभी राहिली. तिनं डोळ्यांनीच 'व्हय' म्हटलं. वडील सांगायचे, आता अंतऱ्यात ती मागं राहायची आणि अण्णा एकटे जाऊन यायचे, एवढाच फरक झाला होता.

भागाबाई संक्रांतीनंतर गेली. ओढे तेव्हा कोरडे होते.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या विधीला, सगळी वस्ती विहारात जमली. वंदना झाली. तिचं गाणं म्हणायचं होतं, पण सुरुवात कुणाकडूनच होईना. तेव्हा माझे वडील उठले, कुणाला न विचारता त्यांनी फितीत विळा घातला आणि पेटी रामअण्णांच्या पुढ्यात सरकवली.

"वाजवा."

कुणी अडवलं नाही. साहेबांचं नावही कुणी काढलं नाही. अण्णांनी झाकण उघडलं. पांढऱ्या पट्ट्या इतक्या पांढऱ्या होत्या की मागच्या बायका मान उंचावून बघू लागल्या. त्यांनी उजवा हात ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली. धृपद. मग अंतरा. बोटं सरसर वर गेली, कुठं अडली नाहीत, एक पट्टी चुकली नाही. आणि विहारात आवाज नव्हता. डावा हात मांडीवर तसाच पडून होता. भाता मिटलेला. फळीला भाता नव्हता, तिथं त्या हाताला काही काम नव्हतं. तो हात भाता ओढायचं विसरून गेला होता.

लोक खाली बघत राहिले. शेवटी वडिलांना राहवेना. ते पुढं झाले आणि त्यांनी भाता ओढला. बंद पेटीतला सूर एकदम मोठ्यानं बाहेर पडला, भरलेला, कोरा. रामअण्णांनी विस्तवाला लागावा तसा हात मागं घेतला. सूर थोडा वेळ पत्र्याखाली राहिला आणि विरला. मग बायकांनी बिनपेटीचंच गाणं म्हटलं.

त्याच वर्षी राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं. झाकणावर म्हैसूर राज्य तसंच राहिलं. पेटीला पुढं वाजवणारे मिळाले. जयंतीला, लग्नाला, बारशाला ती वाजू लागली आणि चांगली वाजते असं सगळे म्हणायचे. अण्णांनी विहाराची किल्ली करगोट्यावरून काढून आमच्या घरी आणून दिली. त्या पेटीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मी गुलबर्ग्याला शिकायला गेले तेव्हा ते गँगमधून निवृत्त झाले होते. सुट्टीत मी गावी आले की सकाळी ते उंबऱ्यावर दिसायचे, मांडीवर फळी. जयंतीच्या आधी वस्तीला चुना लागायचा, तेव्हा ते फळीलाही लावून घ्यायचे. तरी ठरावीक जागी तो टिकत नसे. तिथं लाकूड उघडं पडलं होतं आणि किंचित खोलगट झालं होतं.

एकदा मी म्हटलं, "अण्णा, विहारात पेटी हाय की. एवढा हात बसलाय, तिच्यावर वाजवा न."

"न्हाई, पोरी," ते म्हणाले. "ती वाजली की भागाचा अंतरा ऐकू येत न्हाई."

आणि ते पुन्हा फळीवर वाकले. ठक् ठक् सुरू झालं. बोट वर चढू लागलं, तेव्हा मला कळलं की अंतरा आला आहे. मी तो संपेपर्यंत उभी राहिले आणि मग चप्पल न वाजवता निघाले.